पाव फेरा

पलूसच्या पुढं, कृष्णेच्या काठावर एक गाव आहे. तिथलं एक चौकोनी कुटुंब जूनमध्ये बिऱ्हाड हलवून मिरजेला राहायला आलं. वडलांची बदली झाली होती आणि थोरल्याला पॉलिटेक्निकसाठी रोजचं येणं-जाणं झेपत नव्हतं. धाकटी सहावीत होती. तिला कुणी काही विचारलं नव्हतं.

टेम्पोतनं बाकीच्या सामानाबरोबर गोधडीत गुंडाळलेला एक जुना कॉम्प्युटरही आला. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी घरात शिरलं तेव्हा वडलांनी तो उचलून माळ्यावर चढवला, म्हणून तो वाचला. पण घरातली ओल कित्येक दिवस हटली नाही आणि कॅबिनेटचा पत्रा खालून गंजायला लागला. पुढं गंजाचे पापुद्रे सुटून आत पडायला लागले. मिरजेला आल्यावर थोरल्यानं साठवलेल्या पैशांतून नवं कॅबिनेट आणलं. काळंभोर, एका बाजूला काच, पुढं जाळी. आतला ऐवज सगळा जुनाच राहणार होता. फक्त घर बदलायचं होतं.

एका रविवारी सकाळी तो जमिनीवर चादर पसरून बसला. मुलगा हाताचा नीट. जुन्यातला मदरबोर्ड काढण्याआधी कुठली वायर कुठं जाते याचे त्यानं मोबाईलवर फोटो काढून ठेवले. स्क्रू वाट्यांत वेगवेगळे ठेवले. मदरबोर्ड पत्र्याला थेट टेकला तर शॉर्ट होतो, म्हणून तो बारक्या पितळी खुंट्यांवर बसवतात. दुकानात त्यांना स्टँडऑफ म्हणतात. बोर्डाला भोकं नऊ आणि नव्या कॅबिनेटमध्ये स्टँडऑफ लावलेले सहा. थोरल्यानं जुन्या कॅबिनेटचे तीन काढले, फडक्यानं पुसले आणि खालच्या रांगेत फिरवून बसवले. त्यात काही वावगं आहे असं त्याला वाटायचं कारण नव्हतं. खुंटी ती खुंटी.

सगळ्यात शेवटी वायफायचं कार्ड राहिलं. ते जिथं बसतं तो स्लॉट जेमतेम अडीच सेंटिमीटर लांबीचा, बोटाच्या एका पेराएवढा. ग्राफिक कार्डाच्या मोठ्या स्लॉटला टोकाला खटका असतो, तो कार्ड धरून ठेवतो. या छोट्याला तसलं काही नसतं. कार्डाच्या मागच्या टोकाला पत्र्याची पट्टी असते, त्या पट्टीचा वरचा कान कॅबिनेटच्या कडेवर टेकतो आणि त्या कानात एकच स्क्रू जातो. सगळी भिस्त त्या एका स्क्रूवर. थोरल्यानं तो मनगटाचा जोर लावून, आणखी फिरेना इतका आवळला. "आता हलायचं नाव नको," असं स्वतःशीच म्हणाला.

त्याच वेळी आतल्या खोलीत आई कपाटाच्या दारावर एक कागद चिकटवत होती. धाकटीचं वेळापत्रक. साडेपाचला उठणे, सहा ते सात पाठांतर, शाळा, क्लास, सात ते आठ गणित, रविवारीसुद्धा. गावच्या शाळेत ही पोर पहिल्या बाकावर बसायची, प्रार्थनेनंतर पुढं येऊन गोष्ट सांगायची. इथं येऊन तीन आठवडे झाले होते आणि ती "हो", "नाही", "झालं" एवढंच बोलत होती. पहिल्या चाचणीत मार्क घसरले. आईला वाटलं, शहरातली मुलं पुढं गेलेली, आपलीला ओढून त्यांच्या बरोबरीला आणलं पाहिजे. कागदाच्या चारही कोपऱ्यांना तिनं चिकटपट्टी लावली आणि अंगठ्यानं दाबून घट्ट केली. "सुरुवातीलाच घडी पक्की बसलेली बरी."

दुपारी कॉम्प्युटर चालू झाला. पंखे फिरले, पडदा उजळला. कोपऱ्यात वायफायचं चिन्ह मात्र आलं नाही.

गोंधळात पाडणारी गोष्ट अशी, की कार्ड मेलेलं नव्हतं. त्याच कार्डावर ब्लूटूथ असतं आणि ते चालत होतं. थोरल्याच्या हेडफोनमध्ये गाणं वाजत होतं. त्यानं साधा हिशेब केला: कार्ड जिवंत आहे, म्हणजे कार्ड बसलेलं आहे, म्हणजे खोट दुसरीकडं आहे. या हिशेबानं त्याचे चार दिवस खाल्ले. त्याला बोल लावावासा मला वाटत नाही. त्याच्या जागी मीही तेच मानलं असतं.

सोमवारी त्यानं मोबाईलचं नेट केबलीनं कॉम्प्युटरला जोडून ड्रायव्हर उतरवले. जुना काढला, नवा टाकला, तो काढून त्याच्या आधीचा टाकला. मंगळवारी राउटर बंद-चालू करून झाला, नेटवाल्याला फोन झाला. घरातले सगळे मोबाईल त्याच राउटरवर व्यवस्थित चालत असताना खरं तर त्या फोनची गरज नव्हती, पण नेट गेलं की आपला हात आधी फोनकडंच जातो. मंगळवारी रात्री कंटाळून त्यानं काच उघडली, कार्ड काढलं, सोनेरी दात खोडरबरानं पुसले, परत लावलं. मशीन चालू केलं आणि वायफाय आलं! दहा मिनिटं त्यानं डोळे भरून पाहिलं. मग बंद केलं, राहिलेला स्क्रू लावला, काच लावली, चालू केलं. वायफाय गायब. बुधवारी रात्रभर बसून त्यानं सगळं फॉरमॅट मारलं. नवी विंडोज, कोरा पडदा, आणि कोपऱ्यात पुन्हा तीच रिकामी जागा.

धाकटी दारात उभी राहून हे रोज बघत होती. गावातल्या मैत्रिणींनी तिला शब्द दिला होता, रविवारी संध्याकाळी सगळ्या एकीच्या घरी जमतील, व्हिडिओ कॉल लावायचा, मोठ्या पडद्यावर सगळ्या एकदम दिसतील. तो रविवार हुकला होता. गुरुवारी तिनं एवढंच विचारलं, "दादा, या रविवारी तरी?" तो तिच्यावर खेकसला. ती आत गेली.

खालच्या मजल्यावर नाना राहायचे. मूळचे किर्लोस्करवाडीच्या बाजूचे. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी त्या ओसाड माळावर कारखाना उभा केला आणि पुढं त्या पट्ट्यातल्या कितीतरी घरांत नांगराच्या जोडीला पाना आला. नानांची हयात पंप बसवण्यात गेली. कृष्णेचं पाणी वर माळरानावर चढवणाऱ्या उपसा योजना, नदीकाठची पंपघरं, पावसाळ्यात चिखलातनं ओढून काढलेल्या मोटारी. आता इमारतीच्या पाण्याच्या मोटारीकडं तेवढे बघायचे. शुक्रवारी संध्याकाळी ते वर्तमानपत्र परत द्यायला वर आले, तर थोरला उघड्या कॅबिनेटपुढं गुडघ्यांत डोकं घालून बसलेला.

"काय रं, काय झालं?"

"नाना, कार्ड खराब झालंय. नवीन मागवायला लागणार."

"मला यातलं काय कळत न्हाय," नाना म्हणाले आणि चादरीच्या कडेला मांडी घालून बसले. "पन हे बिघडायच्या आधी चालत हुतं न्हवं?"

"हो. जुन्या कॅबिनेटमध्ये."

"मग मधी काय काय हललं, ते सांग. पयल्यापासनं."

थोरला सांगत गेला. नाना ड्रायव्हर, विंडोज असल्या शब्दांवर थांबले नाहीत. मंगळवारच्या दहा मिनिटांवर मात्र थांबले.

"तवा चाललं. मग बंद पडलं. चालू हुतं तेव्हापास्नं बंद पडेपर्यंत तुझा हात कुठं कुठं लागला?"

"कुठं नाही. काच लावली."

"आनि?"

"स्क्रू आवळला."

"कर बघू ते माझ्यासमोर. आधी लाइट काढ."

थोरल्यानं मेन बंद केलं, मागची पिन उपसली, कॅबिनेट आडवं केलं. कार्ड स्लॉटमध्ये दाबलं. नानांनी खिशातली बॅटरी पेटवली, चष्मा कपाळावर सरकवला आणि नाक पार कॅबिनेटच्या कडेला लावून आत बघितलं. थोरल्यानंही मान वाकवली.

कार्ड सरळ बसलेलं होतं. खालची सोनेरी किनार स्लॉटात पुरती बुडालेली. पट्टीचा कान मात्र कॅबिनेटच्या कडेवर टेकला नव्हता, किंचित वर तरंगत होता. थोरल्यानं स्क्रू लावला आणि फिरवायला सुरुवात केली. कान खाली येऊ लागला. एक फेरा, दोन फेरे. कान कडेला भिडला, आणि त्याच क्षणी कार्डाचं दुसरं टोक, आतल्या बाजूचं, हळूच वर उठलं. अगदी नखाएवढं. काळ्या स्लॉटाच्या तोंडाशी एक बारीक सोनेरी रेघ दिसायला लागली, अमावस्येनंतरच्या चंद्रकोरीसारखी.

थोरला बघतच राहिला. त्यानं स्क्रू सैल केला. रेघ बुडाली. पुन्हा आवळला. रेघ वर आली.

मग त्याला बाकीचंही उलगडलं. या स्लॉटात दोन्ही बाजूंना अठरा-अठरा संपर्क असतात. वीज येते ती पट्टीच्या बाजूच्या संपर्कांतून. कार्डाचं बोर्डाशी बोलणं चालतं ते आतल्या टोकाकडच्या संपर्कांतून. उठत होतं ते आतलंच टोक. म्हणजे कार्डाला वीज पोचत होती, वाचा मात्र बसली होती. आणि ब्लूटूथ? त्याची वायरच वेगळी. कार्डापासून निघून ती बोर्डावरच्या यूएसबीच्या पिनांत जाते, स्लॉटातून बोलतच नाही. त्याला फक्त वीज पुरे होती, म्हणून ते चार दिवस गात होतं. थोरल्याची समजूत झाली होती की जीव आहे तिथं सगळं ठीक आहे.

"एवढा जोर लावून आवळला होता मी," तो म्हणाला. "हलू नये म्हणून."

नाना जरा वेळ काही बोलले नाहीत. आई चहा घेऊन आली होती, ती ट्रे हातात धरून तशीच थांबली.

"माझं वय तेव्हा तुझ्याएवढंच आसंल," नाना म्हणाले. "नदीवर एक पंप बसवायला पाठवला वस्तादांनी. पयल्यांदाच येकटा. पंप आनि मोटर एका बेसवर, मधी कपलिंग. मी मोटरचं चारी बोल्ट असं आवळलं, की पाना वाकायचा राहिला. म्हटलं, वस्ताद येतील तर एक बोल्ट हलता कामा नये. आठव्या दिवशी बेअरिंग जळालं. कपलिंगच्या रबराचा भुगा. वर ऊस वाळतोय, मानसं नदीवर येऊन हुबी."

"मग?"

"वस्ताद आले. वरडले न्हाईत. एकेक बोल्ट सैल करत गेले. एक केला, काय न्हाय. दुसरा केला, काय न्हाय. तिसरा सैल केला आनि मोटरचा पाय आपसूक वर आला. वहीच्या पुठ्ठ्याएवढा. तो पाय मुळात टेकलाच नव्हता, पोरा. खाली बेस खोलगट हुता. मी बोल्टानं त्याला वढून धरला हुता. वरनं बघावं तर मोटर घट्ट. आतनं पिळलेली. मिनिटाला १४५० फेरे, आनि तेबी पिळलेल्या अंगानं. किती दिवस फिरंल?"

नानांनी चहाचा कप घेतला, पण प्यायले नाहीत.

"वस्तादांनी पत्र्याची एक पातळ पट्टी कापली, त्या पायाखाली सारली. मग चारी बोल्ट हातानंच लावले, पाना न्हाय. शाफ्ट हातानं फिरवून बघितला, सुरळीत फिरतोय का. मग आवळलं. आनि मला म्हनाले, आधी बसव, मग आवळ. न बसलेलं आवळलं तर बसत न्हाय, पिळतं."

थोरल्यानं सावकाश सगळं पुन्हा उलगडायला घेतलं. या खेपेला त्याला घाई नव्हती. मदरबोर्ड बाहेर आला तेव्हा खालच्या रांगेतले तीन जुने स्टँडऑफ उघडे पडले. नानांनी खिशातली पोलादी पट्टी एका नव्या आणि एका जुन्या खुंटीवर आडवी ठेवली. पट्टी तिरकी झाली. जुने उंचीला थोडे जास्त होते. तेवढ्यानं बोर्डाची खालची कड उचलली गेली होती, बोर्डाबरोबर स्लॉट उचलला होता आणि कार्डाचा कान कडेपासून अधांतरी राहिला होता. स्क्रूनं कान खाली खेचला, तसं तराजूच्या दांडीसारखं दुसरं टोक वर उठलं.

"याच्या जोडीच्या खुंट्या आल्या असतील की," नाना म्हणाले. "देणारा सहा देऊन नऊ भोकं कशाला ठेवंल?"

आल्या होत्या. हार्ड डिस्कच्या कप्प्यात एक छोटी प्लास्टिकची पिशवी चिकटवलेली होती, तिचं तोंडही उघडलेलं नव्हतं. तीन स्टँडऑफ, मूठभर स्क्रू. जुन्यावर भरवसा ठेवायच्या नादात थोरल्यानं नव्या घरात काय दिलंय ते बघितलंच नव्हतं.

मदरबोर्ड पुन्हा ठेवला. नऊही स्क्रू आधी नुसते बोटानं धरवले. मग एक या कोपऱ्याचा, एक समोरच्या कोपऱ्याचा, मग मधले, असे थोडे थोडे आवळले. कार्ड स्लॉटावर ठेवलं, ते अंगठ्याच्या दाबानं पुरतं बसलं. कान कडेवर असा टेकला, की खाली कागद गेला नसता. थोरल्यानं स्क्रू लावला, आणि सवयीनं मनगटात जोर आणला.

"हां, हां," नानांनी त्याच्या हातावर हात ठेवला. "टेकला न्हवं? बास. आज एवढ्यावर चालू दे. दोन दिस चालवून बघ, मग बघून पाव फेरा दे. मोटरलाबी आम्ही तसंच करतो."

मागून अँटेनाच्या दोन दांड्या लावायच्या राहिल्या होत्या. वायफायच्या लाटा पत्र्यातून पार होत नाहीत, त्यामुळं कार्ड आत असलं तरी त्याचे कान बाहेर हवेत. त्याही थोरल्यानं बोटांनीच फिरवल्या. पक्कड हातात घेतली होती, ती खाली ठेवली.

वीज जोडली. पंखे फिरले. कोपऱ्यात वायफायचं चिन्ह उगवलं.

नाना गेल्यावर आईनं कप उचलले. आतल्या खोलीत धाकटी कपाटाकडं पाठ करून पाढे लिहीत बसली होती, ओठ घट्ट मिटून. आई दारात उभी राहिली. बराच वेळ तिनं त्या पाठीकडं बघितलं.

रविवारी संध्याकाळी सातला कॉम्प्युटरच्या पडद्यावर पाच चेहरे एकमेकींना ढकलत उमटले. मागं कुणाचीतरी शेळी ओरडत होती. धाकटी आधी नुसती बघत राहिली. मग कुणीतरी विचारलं, "मिरजेला कसं जातात गं, कुठली टेशनं लागतात?" आणि ती बोलायला लागली. अमणापूर, भिलवडी, नांद्रे, सांगली. प्रत्येक स्टेशनाला काय दिसतं, शाळा केवढी मोठी आहे, बाकावर शेजारी कोण बसतं, बाई मराठीच्या तासाला कसं वाचतात. त्या बाईंचा आवाज काढून दाखवला. पलीकडं हसण्याचा कल्लोळ झाला. आपल्या नव्या शाळेबद्दल ती एवढं सगळं बघून ठेवून होती हे घरात कुणाला माहीत नव्हतं.

सव्वासातला आई गणिताची वही घेऊन दाराशी आली. गोष्ट रंगात आली होती. आईनं वही छातीशी धरली, थोडा वेळ ऐकलं आणि ती तशीच मागं फिरली.

साडेआठला कॉल संपला. थोरल्यानं मशीन बंद केलं, पिन काढली, काच उघडली. बॅटरीच्या उजेडात स्लॉटाची कड नीट न्याहाळली. सोनेरी रेघ कुठं नव्हती. त्यानं स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि पाव फेरा दिला. पुन्हा बघितलं. कार्ड जागचं हललं नव्हतं.

रात्री अंथरुणं घालताना आई कपाटापुढं थांबली. वेळापत्रकाच्या एका कोपऱ्याची चिकटपट्टी तिनं नखानं उचकटली, मग एकेक करून बाकीच्यांची. कागद हातात घेऊन ती धाकटीजवळ बसली.

"उद्या किती वाजता उठवू गं तुला?"

धाकटीनं चमकून वर बघितलं. थोडा विचार केला.

"सहाला," ती म्हणाली.